कापून नेलेली दोन हात तार

मी एक लोखंडी तार बोलतेय. अंगावर जस्ताचा मुलामा, करंगळीहून बारीक, लांबी जेमतेम दोन हात. माझे शब्द साधे आहेत. ज्याच्या हातून हे कागदावर उतरतंय त्याची शाळा आठवीतच सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील. तेवढ्या सांभाळून घ्या.

माझा जन्म तारेच्या कारखान्यात झाला. जाड सळई एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढून मला लांब केलं, मग वितळलेल्या जस्तात बुडवलं. तेव्हा मी मोठ्या वेटोळ्याचा भाग होते. एका वायरमनने ते वेटोळं आणलं आणि या घराच्या मागच्या भिंतीवर मला ठोकलं. वरचं टोक मीटरच्या बोर्डाला, खालचं टोक जमिनीत पुरलेल्या पत्र्याला.

घरात आई, थोरला, त्याची बायको आणि धाकटा. वायरमन आईला म्हणाला होता, "काकू, ही तार नुसतीच उभी आहे असं वाटेल. वाटू द्या. हिला काम पडूच नये."

वीज एका तारेने येते आणि दुसरीने परत जाते. मी तिसरी, अर्थिंगची. यंत्राच्या आतली तार सोलपटून बाहेरच्या पत्र्याला टेकली, की पत्र्यात वीज उतरते. तिला परत जायला वाट हवी असते, आणि जमिनीतूनही तिची वाट असते. मी जोडलेली असले, की माझ्यातून एकदम इतका प्रवाह धावतो की फ्यूज उडतो आणि सगळं बंद पडतं. लोक वैतागतात, पण कुणाला काही होत नाही. मी नसले, तर वीज पत्र्यात तशीच थांबून राहते. कुणीतरी हात लावेपर्यंत.

नऊ वर्षं मला काम पडलं नाही.

मग घरात कपडे धुण्याचं मशीन आलं. कुणीतरी वापरून विकलेलं, पत्र्याचं. त्याचा पाणी सोडायचा पाइप सारखा मोरीच्या तोंडातून उडी मारायचा. "भाऊजी, या पाइपाचं काहीतरी करा हो," वहिनी म्हणाली. "रोज तळं होतंय. उद्या बदकं येतील."

धाकटा सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा. वहिनीशी बोलताना त्याची मान खाली असायची. तो पक्कड घेऊन मागच्या अंगणात गेला आणि भिंतीवर मी दिसले. ही तार कुठून येते, कुठे जाते, हे त्याने पाहिलं नाही. मधले दोन हात कापले, पाइपाला दोन वेढे दिले आणि नळाच्या मानेला बांधून टाकलं. पाइप जागचा हलला नाही.

"वा, भाऊजी. इंजिनियर झालात की."

तो लाजला. त्या दिवशी तो खूश होता. मला कापलं तेव्हा मला काही वाटलं नाही. तारेला वाटत नसतं.

काही महिन्यांनी मशीनच्या मोटारीजवळची एक तार घासून घासून उघडी पडली. मी चार बोटांवर होते, पण माझा आता जमिनीशी काही संबंध नव्हता.

"मशीन करंट मारतंय," वहिनीने सांगितलं.

थोरल्याने हात लावून पाहिला. "मुंग्या येतात नुसत्या. चप्पल घालून लावत जा."

मोरीच्या दाराशी रबरी चपला आल्या. मग एकदा आईने झाकणावर हात ठेवला आणि म्हणाली, "मला तर काहीच लागत नाही." साखरेच्या आजाराने तिच्या बोटांची जाणीव गेली होती. गरम भांडं धरलं तरी तिला कळायचं नाही. थोरला हसला. "आईला वीजपण घाबरते. आजपासून कपडे आईकडे."

सगळे हसले, आईसुद्धा. धाकटाही हसला. तेव्हापासून मशीन आईच लावायची.

वीज लागत नाही आणि वीज अंगातून जात नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाळीस वॅटच्या बल्बला जेवढा प्रवाह लागतो, त्याच्या सहाव्या हिश्श्यातसुद्धा माणसाचं हृदय बंद पडू शकतं. बोटांना ते कळलं की नाही, हे वीज विचारत नाही.

एके दिवशी वहिनीने चपला धुऊन उन्हात ठेवल्या होत्या. फरशी ओली होती. आई अनवाणी आली आणि झाकण उचलायला गेली. तिची बोटं कडेला आवळली, सुटेनात. ती ओरडली नाही. घशातून घरघर आली फक्त. वहिनी धावली, हात पुढे केला, तसाच मागे घेतला आणि पळत जाऊन मेन स्विच खाली ओढला. आई माझ्या शेजारी पडली.

ती वाचली. दोन दिवस दवाखान्यात होती. तळहात दोन ठिकाणी भाजला होता. "कुठे भाजलंय?" तिने नर्सला विचारलं. ती जागा तिला डोळ्यांनी पाहूनच कळली.

ती घरी आली त्या संध्याकाळी तोच वायरमन आला, आता केस पिकलेले. मागच्या भिंतीपाशी बराच वेळ उभा राहिला.

"इथली तार कुणी कापली?"

"चोरांनी नेली असेल," थोरला म्हणाला.

"चोर दोन हात नेईल? तो आख्खी नेईल." मग म्हणाला, "उद्या नवीन घेऊन येतो. तोवर मशीनला कुणी शिवायचं नाही."

वहिनीने एकदा धाकट्याकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली. धाकटा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.  मी त्याच्यापासून चार पावलांवर, पाइपाला बांधलेली.

आज त्या भिंतीवर नवीन अखंड तार आहे. मी गंजत कपाटावर पडलेय. माझं एवढंच म्हणणं आहे. तुमच्या घरातलं एखादं यंत्र हाताला मुंग्या आणत असेल, तर चप्पल शोधू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग त्याचा प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. प्लगची तिसरी, जाड पिन माझ्यासारख्या तारेसाठीच असते; ती भोकात जात नाही म्हणून मोडू नका. भिंतीवर नुसतीच उभी असलेली तार दिसली, तर ती कुठे जाते ते आधी बघा. आणि कुणाला विजेने धरलं, तर त्या माणसाला हात लावू नका, आधी वीज तोडा.

वायरमन भिंत पाहून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने पक्कडीने माझे वेढे सोडवले. आई खाटेवर बसली होती, एका हाताला पट्टी. त्याने मला तिच्या दुसऱ्या हातात ठेवलं.

"ही मी कापली होती, आई. पाइप बांधायला."

थोरला गालाला साबण तसाच ठेवून दारात आला.  आईने माझ्याकडे पाहिलं, आणि पाहत पाहतच एकेक बोट मिटलं.

"धरलीय ना मी?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला. मग तिच्या मुठीवर आपला हात ठेवून तो तिथेच जमिनीवर बसला, वायरमनने दार वाजवेपर्यंत.