बागेतल्या तबकड्या

"वन्सं, उतरा खाली, पडशिला!" राजनंदिनी खालून शिडी धरून ओरडली. "न्हाई त्या पेटीत काय."

दीपमाला माळ्यावर गुडघे टेकून बसली होती. समोर वीरधवलदादाची मिलिटरीतली काळी पेटी उघडी, आणि पेटीत काय, तर फवारणीचे पाइप, गंजलेली नोझलं आणि औषधांच्या रिकाम्या बाटल्या. तिनं पाइप उपसून तळ पाहिला. तळाला वर्तमानपत्र होतं, लग्नाआधी तिनंच अंथरलेलं. त्यावर औषध सांडून डाग पडले होते.

"वैनी, ह्यातल्या माज्या डीव्हीड्या कुठं हायत?"

"कसल्या?"

"दादानं आणल्याल्या. जपानी कार्टूनच्या. पेटीला माजं कुलूप हुतं."

राजनंदिनीनं शिडी सोडली. "कुलपाचं मला काय ठावं? तुमच्या दादास्नीच इचारा, बागंत हायती. माजी भाकरी करपतीया." आणि भावजयबाई अशा काही लगबगीनं आत गेल्या, की दीपमाला तशीच शिडीवरून खाली उतरली.

दीपमाला मिरजेच्या एका दवाखान्यात स्कॅनच्या खिडकीवर बसते. पेशंटचं स्कॅन सीडीवर उतरवायचं, वर मार्करनं नाव लिहायचं आणि नातेवाइकाच्या हातात द्यायचं, हे तिचं काम. पण जेवणाच्या सुट्टीत आणि घरचं आवरून झाल्यावर ती दुसरंच एक काम करायची. जपानी मालिकांमधले तुकडे कापून ती संगीताच्या तालावर असे जोडायची, की बघणाऱ्याला वाटावं, ही चित्रं ह्या तालासाठीच काढलीत. जगभर असले वेडे लोक आहेत. कुणी कुणाला एक दमडी देत नाही, पण एकमेकांचे व्हिडिओ जीव लावून बघतात.

तिचा एक व्हिडिओ फार गाजला होता. दीपगृहात एकटी राहणाऱ्या मुलीची मालिका होती ती. मिरजेतल्या एका दुकानात म्हातारे कारागीर नवी सतार लावून बघत होते, तो आवाज दीपमालानं मोबाइलवर टिपून आणला आणि त्यावर त्या मुलीला जिना चढायला लावलं. ब्राझीलच्या कुणी बाईनं लिहिलं, मी रडले. नवरा म्हणाला, "अजून कार्टून बघतीस? पोरं हसतील." पोरं हसली नाहीत. नवराच हसला आणि टीव्हीचा आवाज वाढवून बसला.

आणि मागच्या आठवड्यात पुण्याहून फोन आला. एका स्टुडिओतला माणूस होता. "मॅडम, तुमच्या हातात कला आहे हो. पण चित्र फार धूसर आहे. हाच व्हिडिओ स्वच्छ चित्रावर पुन्हा करून बुधवारपर्यंत पाठवाल का? साहेबांना दाखवतो. पसंत पडलं तर काम मिळेल, घरी बसून करायचंय."

तुमच्या हातात कला आहे! चौतिसाव्या वर्षी हे पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं होतं. खिडकीवर तिच्या हाताला काय किंमत? "बाई, आटपा की," एवढीच.

स्वच्छ चित्र मिळायला मात्र अस्सल डीव्हीडीच हवी होती. नेटवर ती जुनी मालिका मिळायची, तर चित्राखाली इंग्रजी अक्षरं चिकटलेली आणि कोपऱ्यात कुणाचा तरी शिक्का. डीव्हीडीवर अक्षरं वेगळी असतात, ती काढून टाकली की खाली नितळ चित्र उरतं. खिडकीवरच्या कॉम्प्युटरला डीव्हीडी चालायची सोय होती. डीव्हीड्या माहेरी पेटीत होत्या. सासरच्या दोन खोल्यांत पेटी मावेना, म्हणून तिनं लग्नात कुलूप लावून ती इथंच ठेवली होती. माहेरात ठेवलेली वस्तू कुठं जाते, असं वाटलं होतं तिला. खुळीच!

त्या आणल्या होत्या वीरधवलनं. बेंगळुरूला पोस्टिंग असताना सुट्टीवर येताना स्वेटरात गुंडाळून आणायचा, ओरखडा नको म्हणून. शेजारी बसून दोन-चार भाग बघायचा, पेंगायचा, आणि जागा होऊन विचारायचा, "पोरगी चढली का वर?" सगळ्या घरात न हसलेला तेवढा एकच माणूस. आता पेन्शनवर येऊन द्राक्षाची बाग बघत होता.

ती घरामागच्या बांधावरून बागेकडं निघाली. फेब्रुवारीचं ऊन, घडांत साखर भरत आलेली, आणि हे दिवस म्हणजे पाखरांची चंगळ. बांध ओलांडायच्या आधीच तिच्या डोळ्यांवर तिरीप आली. मग दुसरी. मग ओळीच्या ओळी लखलखायला लागल्या. वेलींच्या मांडवाला सुतळीनं बांधलेल्या तबकड्या वाऱ्यावर गरगरत होत्या.

"दीपे! ये, ये!" वीरधवल हात हलवत पुढं आला. त्याला केवढा आनंद झालेला! "बघितल्यास का तुज्या तबकड्या? शेजारच्या हंबीररावाच्या बागंत बुलबुलांनी पार वाटूळं केलंय. आपल्यात एक घड टोचल्याला न्हाई. समदं गाव इचारतंय, कुठनं आणल्या म्हणून!"

तिनं हात वर करून जवळची तबकडी धरली. दीपगृहाचं चित्र उडून पांढरं पडलं होतं. चंदेरी पापुद्रा जागोजागी गेला होता, आणि पलीकडचं आभाळ आरपार दिसत होतं.

"कुलूप तोडलंस?"

"किल्ली घावंना. अगं, किती वर्सं पडून हुत्या. तू काय बघणार हायस आता त्या?"

"इचारायचंस तरी."

"इचारायचं काय त्यात?" तो अगदी साधेपणानं म्हणाला. "मीच आणल्याल्या की."

त्याच्या बोलण्यात कपट असतं, तर तिनं कडाकडा भांडून घेतलं असतं. कपट नव्हतं, म्हणून तर काळजात घुसलं. त्यानं दिल्या होत्या हे तिला आयुष्यभर पुरलं होतं, आणि त्याला मात्र आणल्याचं तेवढं आठवत होतं. तिनं पुण्याचं सगळं सांगितलं. स्टुडिओ, बुधवार, घरी बसून काम. ऐकता ऐकता वीरधवलचं तोंड उतरलं.

"आगायाया! मला काय ठावं गं?" तो पंपाच्या खोलीकडं पळाला आणि तिथली एक सोडून घेऊन आला. "ही बघ, सावलीतली हाय. चालंल ही. न्हाईतर नव्या घिऊ आपण."

"आता न्हाई मिळत त्या, दादा. छापायच्या बंद झाल्या."

मग त्याची नजर पंपाजवळच्या रिकाम्या सुतळीवर गेली. बागायतदार माणूस, जाणारच. "दीपे, तू दवाखान्यात सीड्याच करतीस न्हवं? खराब निघाल्याल्या टाकूनच देत असशील. येताना आण की चार. जागा मोकळी ऱ्हाईली की पाखरू बरोबर घुसतंय."

"पोतं भरून आणल्या असत्या!" तिचा आवाज फाटला. "एकदा फोन करायचा हुतास, दादा. एकदा! भंगारात देतोय आमी त्या."

त्यानं सावलीतली तबकडी सदऱ्याला पुसून तिच्या हातात दिली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं सावलीतली तबकडी खिडकीवरच्या कॉम्प्युटरमध्ये घातली. आत घरघर झाली, खडखड झाली, आणि कॉम्प्युटरनं ती बाहेर काढली. तिनं पुसून पुन्हा घातली. पुन्हा बाहेर. मग तिनं पुण्याला फोन लावला.

"अरेरे," तो माणूस म्हणाला. "बरं, बघू पुढं कधीतरी."

'बघू पुढं' म्हणजे काय ते दीपमालाला चांगलं ठाऊक होतं. सासरी तिच्या प्रत्येक मागणीला हेच उत्तर मिळायचं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा माहेरी गेली. खांद्याला पिशवी, पिशवीत दवाखान्यातल्या कोऱ्या, बिघडलेल्या सीड्या. चहासुद्धा न घेता ती बागेत शिरली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आपली सोडायची, दवाखान्यातली बांधायची. वीरधवल जवळ आला.

"त्या तर पार वाया गेल्यात. न्हेऊन काय करणार आता?"

"काय न्हाई. माज्या हायत."

तो पलीकडच्या ओळीत जाऊन गाठी सोडायला लागला. सोडलेली तबकडी तो आता कडेनं धरत होता, मधे बोट न लावता, पूर्वी धरायचा तशी. ते बघून तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

निघताना राजनंदिनीनं द्राक्षांचं खोकं पुढं केलं. "पोरास्नी घिऊन जावा, वन्सं."

"नुसतं खोकं द्या, वैनी. द्राक्षं नगंत."

"रागावलासा व्हय?"

"न्हाई. एकाच खोक्याला हात पुरत्यात माजे."

एसटीत खिडकीची जागा मिळाली. खोकं तिनं मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून बसली. बाहेर बागा मागं पळत होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं खोक्यावरचं द्राक्षाच्या घडाचं चित्र बघितलं आणि हसून विचारलं, "म्हायेरनं आणलीसा व्हय?"

"व्हय," दीपमाला म्हणाली. "म्हायेरनं."

"गोड असत्याली."

गाडी खड्ड्यात आदळली. आत तबकड्या एकमेकींवर खडखडल्या, तसं तिनं खोकं पोटाशी आणखी घट्ट धरलं.