शाब्बासकीचा चेहरा

शबनम सिस्टरची ड्युटी दुपारी दोनला संपायची होती. पण पुढच्या पाळीच्या सिस्टरचा फोन आला की पोराला ताप भरलाय, आणि झालं, लहान मुलांचा वॉर्ड रात्रीपर्यंत शबनमच्याच गळ्यात पडला. पाय तर केव्हाच बोलायला लागले होते.

कोपऱ्यातल्या खाटेवर राधानगरीची सात वर्षांची तेजस्वी होती. पेरूच्या झाडावरून पडून हात मोडलेला, काल प्लॅस्टर घातलेलं. लहान पोरांना दुखणं शब्दांत सांगता येत नाही, म्हणून वॉर्डात एक कार्ड होतं. ओळीनं सहा चेहरे, पहिला हसरा, शेवटचा ढसाढसा रडणारा. पोरानं आपल्या दुखण्याएवढा चेहरा दाखवायचा, त्यावरून औषध ठरायचं. तेजस्वी प्रत्येक वेळी हसऱ्यावर बोट ठेवायची. शबनम "शाब्बास" म्हणायची आणि पुढच्या खाटेकडं वळायची. आमची पोरगी लई सोशिक, असं तिची आई वर्षाराणी अख्ख्या वॉर्डाला सांगत सुटली होती. खरं सांगायचं तर शबनमलाही ती पोर आवडायची, कारण तिचं काही करावं लागत नव्हतं.

संध्याकाळी शेजारच्या खाटेवरच्या अझीमनं रडका चेहरा दाखवला. शबनमच्या तोंडून नकळत सुस्कारा निघाला. त्याला औषध पाजून ती वळली, तोच मागून तेजस्वीचा दबका आवाज आला. "हसरा दाखवायचा रं. मग शाब्बास म्हणत्यात."

शबनमला स्वतःची चीड आली. दिवसभर आपण दुखणं मोजत होतो, की पोरांना ते लपवायला शिकवत होतो? ती तेजस्वीजवळ गेली. प्लॅस्टरबाहेरची बोटं टम्म फुगली होती, सकाळी ती अशी नव्हती. तिनं त्यातलं एक हलकेच सरळ केलं. पोरीनं दात आवळले, टाचा गादीवर घासल्या, पण तोंडातून हूं की चूं नाही.

तिनं डॉक्टर अमरसिंहांना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, कार्डावर किती? "कार्ड सोडा, सर," शबनम म्हणाली. "प्लॅस्टर आवळलंय. लगेच या."

ते येईपर्यंत ती खाटेच्या कडेला टेकली आणि पुन्हा कार्ड धरलं. या वेळी तिनं आपला चेहरा कोरा ठेवला. तेजस्वीनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग आईकडं. "दाव की हसरं, शाणी न्हवं माझी?" आई म्हणाली. शबनमनं तिला हातानंच थांबवलं. पोरीचं बोट हळूहळू सरकत शेवटच्या चेहऱ्यावर गेलं.

डॉक्टरांनी प्लॅस्टर उभं चिरलं. आतला हात चकचकीत, निळसर झाला होता. थोड्या वेळानं बोटं हलली. वेळेत सापडलं, हात वाचला, असं ते म्हणाले. रात्र अशीच गेली असती, तर तो कायमचा निकामी झाला असता. वर्षाराणीनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. तेजस्वी आता भोकाड पसरून रडत होती आणि तिला कुणी गप्प करत नव्हतं.

रडं ओसरल्यावर शबनमनं विचारलं, "एवढं दुखत हुतं, तर मला सांगितलं का न्हाईस?"

तेजस्वीनं चांगल्या हातानं नाक पुसलं.

"तुमी लई दमला हुतासा."