मिरी दारामागे गेली

बाबांच्या निवडक चित्रपट्ट्यांचं पुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा पलंगाखालची खोकी ओढून काढायचं काम माझ्याकडे आलं. बाबांनी ऐंशी ओलांडलीय. गुडघे कुरकुरतात, पण जीभ अजून तल्लख आहे. ते खुर्चीत बसून हुकूम सोडत होते आणि मी एकेक पिवळा पडलेला कागद त्यांच्या मांडीवर ठेवत होते.

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर रोज त्यांच्या विनोदी चित्रांच्या तीन चौकटी असायच्या. एक वेंधळा बाप, त्याला पुरून उरणारी आई आणि मिरी नावाची तिखट पोर. मिरी म्हणजे मीच, हे आमच्या ओळखीतल्या झाडून सगळ्यांना ठाऊक होतं.

"ही बघ," बाबांनी एक कागद वर धरला. "हिच्यावरून तू मला सरळ केलंस."

मिरी जांभई देतेय, तिच्या दातांच्या तारेतून रेडिओसारखा हवामानाचा अंदाज ऐकू येतोय आणि बाप धावत जाऊन छत्री घेतोय, अशी ती पट्टी होती. आज मलाही हसू आलं. तेव्हा आलं नव्हतं.

मी तेरा वर्षांची होते. दातांना नुकतीच तार बसवली होती आणि मी शक्यतो ओठ मिटूनच वावरायचे. त्या सकाळी वर्गात पाऊल टाकलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, "ए, जरा तोंड उघड, बातम्यांची वेळ झाली!" मग दिवसभर तेच. एकीने तर माझा कान पिरगाळून स्टेशन बदललं.

घरी आले ती थेट बाबांच्या टेबलाशी. त्यांच्या हातात शाईने भरलेला टाक होता.

"बाबा, मी तुमची मुलगी आहे की मसाला?"

ते हसले नाहीत. टाक पुसून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बस. काय झालं ते सांग."

मी रडत रडत सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "यापुढे माझं चित्र काढायचं नाही. मिरीचंसुद्धा नाही."

"बरं," बाबा म्हणाले. इतकंच. मला वाटलं, मोठी माणसं म्हणतात तसलंच हे 'बरं'.

पण थोड्या वेळाने पॅसेजमधल्या फोनवर त्यांचा आवाज आला. पलीकडे संपादक होते.

"मिरी उद्यापासून नाही… छे, आजारी नाही. तिनेच नको म्हटलंय… तिने म्हणजे माझ्या मुलीने… हो, लोकांना तीच हवीय, ठाऊक आहे मला. पण ती माझी नाही ना, स्वतःची आहे. तसं असेल तर पट्टी बंद करा."

मी खोलीतून ऐकत होते. त्या पट्टीवर बाबांचा किती जीव होता, ते मला माहीत होतं.

पट्टी बंद झाली नाही. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या चौकटीत फक्त एक बंद दार होतं. बाहेर आईबाप उभे. बाप विचारतोय, "आत कोणी आहे?" आई म्हणतेय, "आहे. मोठी होतेय. चल इथून."

मग बाबांनी मस्करीसाठी घरातलं एकच माणूस ठेवलं, ते स्वतः. गॅलरीचं दार मागून लागल्यावर बनियनवर अडकून पडलेला आणि शेजाऱ्यांना "हवा छान आहे" असं सांगणारा बाप, बायकोने सांगितलेल्या चार वस्तूंपैकी पाचवीच घेऊन येणारा बाप. सगळं खरं होतं. आई पट्टी वाचून म्हणायची, "आता कळलं, आम्हाला काय वाटायचं ते?" वाचकांना मिरीची आठवण यायची, तशी पत्रंही येत. बाबांनी ती मला कधी दाखवली नाहीत.

वर्षभराने माझी तार निघाली, त्या सुमारास एकदा जेवताना मी वर्गातला एक किस्सा सांगितला. आमच्या बाई झोपेवर धडा शिकवता शिकवता खरंच पेंगल्या आणि आम्ही सगळ्या चवड्यांवर चालत वर्गाबाहेर पडलो. आईला हसून हसून ठसका लागला. बाबाही हसले, पण त्यांची बोटं टेबलावर सारखी चुळबुळ करत होती. यावर चित्र काढू का, असं मात्र त्यांनी विचारलं नाही.

शेवटी मलाच राहवेना. "काढा की, बाबा."

"नक्की?"

"आधी मला दाखवायचं."

त्यांनी पेन्सिलीचा कच्चा कागद माझ्यासमोर ठेवला. मी मिरीच्या बोलण्याच्या फुग्यातली दोन वाक्यं खोडून नुसतं "श्श!" लिहिलं. बाबांनी कागद लांब धरून बघितला, जवळ घेऊन बघितला आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा बरं आहे हे." त्यानंतर पट्टी चालू होती तोवर मिरीची एकही चौकट मी बघितल्याशिवाय छापखान्यात गेली नाही. माझ्या लग्नानंतरही बाबा कच्चं चित्र पाकिटातून पाठवून माझ्या होकाराची वाट बघायचे.

"पुस्तकात ते मिरी नसलेलं वर्ष अख्खं घेऊ," बाबा आता म्हणाले.

"अख्खं? लोक मिरीसाठी पुस्तक घेतील, बाबा."

"घेऊ देत. चित्र काढायला मी त्या वर्षी शिकलो. तोवर तुझ्या जिवावर चाललं होतं."

एवढ्यात आई आत आली. तिने बाबांच्या मांडीवरचा वरचा कागद उचलला, खिडकीशी नेला आणि खांदे हलवत हसू लागली.

"कुठली आहे?" बाबांनी मान उंचावून विचारलं. "अगं, आम्हालाही दाखव की!"