हळदीच्या डब्यातले पैसे

सांगलीच्या अत्तारांच्या घरात कुणी कुंकू लावत नाही. गावातल्या बायकांचं कुंकू मात्र तीन पिढ्या त्यांच्याच परसात तयार व्हायचं.

साडेबावन्न तोळे चांदी. तेवढ्या किमतीची शिल्लक ज्याच्याकडे वर्षभर टिकत नाही, त्याच्यावर जकात, म्हणजे इस्लाममधलं बंधनकारक दान, लागू नाही.

चोर कपाट फोडतो, गादी उसवतो. हळदीच्या डब्यात हात घालत नाही. नवराही घालत नाही.

एका चिठ्ठीवर डॉक्टरचं अक्षर: मोतीबिंदू शिबिर. ऑपरेशन मोफत. भिंगाचे पैसे रुग्णाने आणावेत.

लखनऊत पानाचा चुना आठ आण्यांना पुडीभर मिळतो.

आणि गर्दी.

फेब्रुवारी १९९५, रमजानमधला गुरुवार. चौकामागच्या एका आवारात दुपारच्या नमाजापासूनच माणसं दाटलेली. मधोमध तख्तावर कुर्बानशाह, पुढ्यात काचेचा मोठा वाडगा, वाडग्यात मक्केच्या जमजम विहिरीचं पाणी. निदान शाह तरी तसं सांगत होता.

“आप मत बोलिए, पानी बोलेगा. कमाई हलाल, तो पानी सादा. कमाई में सूद हो, चोरी हो, किसी का हक हो, तो पानी खून.”

लोक साठवलेले पैसे आणत, शाह त्यातली एखादी नोट बुडवून हलवत असे. पाणी सादं राहिलं तर चाळिसावा हिस्सा जकात म्हणून त्याच्या पेटीत. तो म्हणे गरिबांपर्यंत पोचवणार. लाल झालं तर सगळीच रक्कम पेटीत, कारण हरामाचा पैसा घरातली पोरं खातो. छापा पडला तरी शाहचा, काटा पडला तरी शाहचाच. प्रत्येक लाल नोटेनंतर तो पाणी ओतून देई आणि मडक्यातून नवं घेई.

शमीम, सांगलीच्या अत्तारांची लेक, भिंतीशी उभी होती. नवऱ्याची नोकरी अमौसीच्या विमानतळावर, म्हणून चार वर्षं ती लखनऊत. शेजारी बसलेल्या सुगराखाला, सगळ्यांच्या मावशी, तिच्याच गल्लीतल्या. विधवा, चाळीस वर्षं चिकनचं भरतकाम करणाऱ्या. आता सुईत दोरा ओवायलाही त्यांना दुसऱ्याचे डोळे लागत. गेल्या गुरुवारी भिंगासाठी साठवलेले पैसे घेऊन त्या इथे आल्या आणि पाणी लाल झालं. सगळी रक्कम पेटीत गेली. भरल्या गर्दीत त्यांनी कबुली दिली होती, की एकदा कारखान्यातून दोऱ्याची एक लडी घरी आणली होती.

“वही गुनाह निकला, दुल्हन,” काल त्या शमीमला म्हणाल्या होत्या.

“पैसे ठेवले कुठं होते, खाला?”

“और कहाँ. हल्दी के डिब्बे में.”

शमीमला एकदम वडिलांच्या परसातला वास आला, आणि मागोमाग शिसारी. ती शिसारी रात्रभर गेली नाही.

आता पाळी हाजी मुनव्वर यांची होती. चिकनचे मोठे व्यापारी, सुगराखालांचे मालक. कारागिरणीला एका कुर्त्यामागे पाच रुपये. तोच कुर्ता दुकानात तीनशेला. त्यांनी तिजोरीतून आणलेलं कोरं बंडल पुढे केलं. शाहने एक नोट बुडवली. पाणी नितळ.

“देखिए. इसे कहते हैं पसीने की कमाई.”

सुगराखालांनी मान आणखी खाली घातली. ते पाहिलं आणि शमीम पुढे झाली.

“शाहसाहेब, हाजीसाहेबांचीच अजून एक नोट द्या. जरा बरकतीचा हात लावते.”

हाजींनी हसत नोट दिली. शमीमने पदराच्या टोकाची पुडी सोडली, नोटेवर बोटं चोळली आणि नोट वाडग्यात बुडवली. पाण्यात लाल धागे सुटले, पसरले.

मग मागून एका बुरख्यातून आवाज आला, “हाजी साहब, लडी आप भी उठा लाए थे क्या?”

“औरत का हाथ नापाक है,” शाह ओरडला.

“नापाक नाही, पिवळा आहे.” शमीमने बोटं वर धरली. “हळद. आणि वाडग्यात आहे चुन्याची निवळी. हळदीला चुना लागला की लाल होतं. माझ्या वडिलांचं दुकान याच्यावर चाललं. फक्त ते त्याला चमत्कार म्हणत नसत, कुंकू म्हणत.”

“तौबा. यह आब-ए-जमजम है.”

तेवढ्यात मशिदीतून सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली. शमीमने मडक्यातलं पाणी पेल्यात भरलं आणि शाहपुढे धरलं.

“मग याच पाण्यानं रोजा सोडा.”

“हम... खजूर से खोलते हैं.”

“लीजिए खजूर,” कुणीतरी लगेच पुढे केला. “ऊपर से पानी.”

शाहने खजूर खाल्ला. बराच वेळ चघळला. पेल्याला हात लावला नाही.

सरबतासाठी चिरलेल्या लिंबांतलं एक शमीमने सुगराखालांच्या हातात दिलं. “पिळा यात.” थेंब पडले तशी लाली फिटत गेली, पाणी पिवळं झालं. खाला वाडग्यावर वाकल्या, अगदी नाक टेकेपर्यंत.

“रंग गया?”

“गेला, खाला. तुमचा हराम एका लिंबानं हलाल झाला.”

हाजी पुटपुटले, “दीन के मामले में मजाक...”

“मजाक कोण करतंय, हाजीसाहेब? जकातीवर पहिला हक्क गरिबाचा, गरजूचा. या बाईवर जकात लागतच नाही, उलट तिला ती मिळायला हवी. ती तुमच्या कामावर आंधळी झाली, तुमच्यासमोर बसली आहे, आणि तुमची जकात चालली या पेटीत. दान द्यायचं तर ज्याला लागतं त्याच्या हातात द्या. त्याला वाडगा लागत नाही.” मग ती बायकांकडे वळली. “आणि तुम्ही कुणी म्हटलं म्हणून स्वतःला चोर समजू नका. घरी हळद आहे, चुना आहे. करून पाहा. अल्लाहने अक्कल दिली ती डब्यात ठेवायला नाही.”

पेटी उघडली गेली. बायकांनी आपापल्या नोटा वासावरून ओळखल्या. शाह मागच्या दाराने निघाला. दारात दोघा-तिघांनी वाकून त्याचा हात चुंबला. हाजींनी उरलेलं बंडल मोजून खिशात घातलं.

सुगराखालांनी पैसे रुमालात बांधले, गाठ दोनदा चाचपली आणि शमीमचा दंड धरून घराकडे निघाल्या.

शिबिर मंगळवारी होऊन गेलं होतं.