कुंडात पाय

मार्लाने एकदा स्वतःच्या चाकूने माझ्या टूथब्रशची दांडी अर्धी कापली होती, आणि मी नवी नवरी असल्यासारखी खूश झाले होते. लाल घळींच्या या वाळवंटात दिवसच्या दिवस पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालायचं, तर चिमूटभर वजनही नको, हा तिचा कायदा. दर वसंतात आम्ही दोघीच निघायचो.

यंदा तिने चर्चच्या गायनवृंदातली नवी मैत्रीण सोबत आणली, ट्रिश. आणि ट्रिशने आणली घडीची खुर्ची.

आता मार्ला हिची खरडपट्टी काढणार म्हणून मी मनातल्या मनात हात चोळत होते. सकाळी नदी ओलांडताना बघते, तर खुर्ची मार्लाच्याच पाठीवर!

"अगं, तिची कंबर धरते," मार्ला म्हणाली.

"आणि माझी काय पोलादाची आहे?"

"कंबर नाही, जीभ आहे पोलादाची."

दोघी खिदळल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढे वाटभर त्या शेजारी शेजारी, आणि मी मागून त्यांची धूळ खात. गाणीही अशी म्हणत होत्या, की मला एकाचेही शब्द येत नव्हते.

दुपारी नदी सोडून आम्ही कोरड्या घळीत शिरलो. तिथे कड्याच्या सावलीत खडकातलं कुंड आहे, पावसाचं पाणी साठलेलं. त्यात हात घालायचा नाही. पातेल्याने पाणी काढायचं, लांब जाऊन धुवायचं. अंगाचा घाम, तोंडाला फासलेलं मलम, काहीही त्यात गेलं की मागून येणाऱ्यांचं आणि रानातल्या जनावरांचं पाणी नासतं. एका वर्षी मी फक्त रुमाल भिजवला, तर मार्ला संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नव्हती.

ट्रिशने बूट काढले. टाचांना फोड आले होते.

"मार्ला, पाय जरासे बुडवू गं? नुसते एक मिनिट."

बरी सापडलीस, मी मनात म्हटलं. आता ऐक!

मार्लाने कुंडाकडे पाहिलं, मग त्या टाचांकडे.

"बुडव. पण पटकन हं."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. "मार्ला, अगं ते पाणी!"

"दिसतंय मला. ओरडू नकोस. वरच्या अंगाला दुसरं कुंड आहे, प्यायला तिथून आणू." मग तिने तिन्ही बाटल्या माझ्यापुढे धरल्या. "तू जातेस? तुझे पाय ठणठणीत आहेत."

माझ्या अंगठ्याचं नख सकाळपासून काळं पडलं होतं. ते तिने विचारलं नव्हतं, आणि मरत असते तरी ट्रिशच्या देखत मी ते सांगितलं नसतं.

बाटल्या घेतल्या, पण पाय उचलेना. जे दिवसभर गिळत होते ते तोंडून निघालंच. "पुढच्या वसंतात आपण दोघीच ना गं?"

मार्लाने आधी ट्रिशकडे पाहिलं. ट्रिश मान खाली घालून पाण्यातली बोटं हलवत होती.

"बघू ना," मार्ला म्हणाली. "अजून वर्ष आहे."

मी वरच्या कुंडाकडे चढायला लागले. खाली दोघींचं गाणं पुन्हा सुरू झालं.