उन्हात राहिलेला डोंगा

मित्रांनो, मी एक जुना डोंगा आहे. होडी म्हणू नका बरं, राग येतो मला! होडी फळ्या जोडून करतात. मी अख्खा एका खोडाचा आहे. वादळात पडलेलं मोहाचं झाड मुखरूभाऊंनी महिनाभर वासल्याने तासून कोरलं आणि मला गावच्या तलावात सोडलं. ढिवरांचं, म्हणजे मासेमारांचं घर ते. मुखरूभाऊ जाळं फेकायचे, त्यांची बायको शकुबाई मला वल्हवायची. मोठी मरळ सापडली की दोघं हसायचे आणि मीही डोलायचो.

आमचं गाव चंद्रपूरजवळ. आधी शहर लांब वाटायचं. मग रस्ता रुंद झाला, फ्लॅट उभे राहिले, आणि फ्लॅटवाले मासे घ्यायला स्कूटीवर थेट तलावाच्या पाळीवर येऊ लागले. खोटं कशाला बोलू, मला शहर आवडलं होतं. मुखरूभाऊ गेल्यावर शकुबाईचं घर या गिऱ्हाइकांवरच चाललं. मुलगा भूपेशही त्याच फ्लॅटांवर सेंट्रिंगच्या कामाला जायचा.

पण प्लॉटचे भाव चढले आणि तलाव बुजवून लेआऊट टाकायची गोष्ट निघाली. मोजणीवाले आले ते नेमके मे महिन्यात, भर दुपारी. आमच्याकडे उन्हाळ्यात डोंग्यात दगड भरून त्याला पाण्याखाली ठेवतात, नाहीतर लाकूड तडकतं. मी खाली गारव्यात मजेत झोपलो होतो. पाळीवर माणूस नव्हता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि लिहिलं, डोंगा नाही, मासेमारी होत नाही.

भूपेशने तो कागद वाचून दाखवला तेव्हा शकुबाईने कपाळावर हात मारला. "अरे देवा! जपून ठेवला, अन् तेच आमच्या जिवावर आलं!"

तिने पुन्हा पाहणी करा म्हणून अर्ज केला. साहेब आठ दिवसांत कधीही पाहायला येतील, असं कळलं.

"डोंगा बाहेर काढ," ती म्हणाली.

"माय, तडकन ना तो. बाबाच्या हातचा हाये."

"मले मालूम नाई का? पण त्यायले दिसला पायजे."

आठाचे बावीस दिवस झाले. चंद्रपूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. शकुबाई माझ्यावर ओली पोती टाकायची, दिवसातून पाच-सहा वेळा पाणी ओतायची. "थांब रे बापा, जराक थांब," म्हणायची. मी खूप थांबलो. अठराव्या दिवशी मात्र तळाला टचकन तडा गेला. ती माझ्याजवळ बसून रडली.

शेवटी साहेब आले. वाकून म्हणाले, "बाई, हा तर फुटका आहे. चालतो का?"

शकुबाईने तड्यात चिंध्या कोंबल्या, जाळं घेतलं आणि बसली. भूपेशने मला पाण्यात लोटलं. मधोमध जाऊन तिने जाळं फेकलं. पाणी तिच्या घोट्यांच्या वर चढलं. मी जीव खाऊन तरंगलो, मित्रांनो! काठाला लागलो तेव्हा निम्मा भरलो होतो, आणि माझ्यातल्या पाण्यात तीन मरळी पोहत होत्या. साहेबांनी बुटांसकट पाण्यात उतरून तिला हात दिला. तिथंच उभं राहून त्यांनी नवा कागद लिहिला. तलाव वाचला, लेआऊट पलीकडच्या पडीक जागेवर गेला.

आता पाण्यात टिनाचा डोंगा आहे. मी पाळीवर पालथा पडलोय आणि माझ्यावर बसून शकुबाई मासे विकते. शहर वाढू द्या, माझी काही ना नाही. पण उद्या तुम्ही मोठे होऊन एखादी जागा मोजायला गेलात आणि तिथं काही दिसलं नाही, तर जवळच्या घरी एकदा विचारा. कोणी काहीतरी जपून ठेवलेलं असेल.

मी तर तडकायचा तो तडकलो. तरी मे महिना आला की शकुबाई रोज माझ्यावर बादलीभर पाणी ओतते. भूपेश म्हणतो, "माय, आता काऊन?" ती ऐकत नाही. मीही तिला ओतू देतो.