भावकीचा डोंगर

समर्थनं पहार घातली ती सख्ख्या चुलत्याच्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज कमळाबाईला पोकलेनच्या घरघरीतही ऐकू आला. दुसरा घाव डोक्यात बसला आणि तिचा नवरा, सावळा, मुरमात तोंडघशी पडला.

बंगल्यांसाठी डोंगर कापायचं काम समर्थनं घेतलेलं. उतारावर बांधकामाला बंदी असताना हे चाललंय, म्हणून कमळाबाई हायकोर्टात गेली होती. राडारोडा आणखी खाली सरकला की वाडीचा झरा बुजणार होता. आज मशीनपुढं आडवा झाला तो मात्र सावळा. जन्मात बायकोचं न ऐकलेला माणूस.

भोरच्या दवाखान्यात टाके पडत होते तेव्हा वकील नूतनताईंचा फोन आला.

"मावशी, समोरचा वकील म्हणतोय, ही जनहित याचिका नाहीच. भावकीचं भांडण आहे, कोर्टानं ऐकूच नये. पोलिसांत तक्रार द्या. पण तुम्ही हात उचललात, तर त्यांचंच खरं ठरेल."

"बरं. सोमवारच्या तारखेपातुर मी गरीब गाय."

दुपारी समर्थ आला. संगं मोबाईल रोखलेला दोस्त.

"काकी, मार की! तुज्या नवऱ्याला कुत्र्यागत लोळवलाय म्या."

त्यानं सावळ्याचा मोडका हात पिळला. सावळा किंचाळला. कमळाबाईनं दोन्ही मुठी पदरात गुंडाळल्या आणि ओठ इतका चावला की रक्त हनुवटीवर आलं.

सावळ्यानं धड असलेल्या हातानं सलाईनचा लोखंडी स्टँड उचलून पुतण्याच्या तोंडावर हाणला. नाक फुटलं. परत हाणला. समर्थ कॉटखाली गेला, मोबाईलवाला दाराबाहेर.

"अवो, काय केलंत हे!"

"अर्जावर नाव तुजं हाय. माजं न्हाई."

"आन् नवरा कुणाचा तुमी? शेजारणीचा?"

हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं नवऱ्याच्या तोंडावर उडालेलं रक्त पदरानं टिपलं आणि फोन लावला.

"ताई, माजं नाव खोडा. आमच्या भावकीभायलं कुणीतरी घाला..." ती थांबली. "पर तसं वाडीत न्हाईच की वं कुणी! अख्खी वाडीच एका भावकीची. मग जन म्हणायचं कुणाला?"

नूतनताई म्हणाल्या, "मावशी, नाव राहू द्या. सोमवारी कोर्टात तुम्हीच या. हेच विचारा."

कॉटखालून समर्थनं उठायला म्हणून तिचा पाय धरला. तिनं तो सोडवून घेतला. लाथ घातली नाही. लई जड गेलं.